दोन हजेऱ्या

मराठीत ‘हजेरी’ या एकाच शब्दाने दोन निरनिराळ्या नोंदी ओळखल्या जातात. एक नोंद शाळेत गुरुजी रोज सकाळी घेतात. दुसरी मुकादमाच्या वहीत चढते आणि आठवड्याचा बाजार त्या नोंदीवर होतो. ग्रामीण महाराष्ट्रात ‘हजेरी किती?’ या प्रश्नाचे उत्तर रुपयांत दिले जाते, कारण कामावरची उपस्थिती आणि त्या उपस्थितीचा मोबदला यांत भेद करण्याची गरज बोलीला कधी वाटली नाही. श्रमबाजार, शिक्षण आणि दारिद्र्य यांचा परस्परसंबंध हा अर्थशास्त्रातील गेल्या शंभर वर्षांतला एक मोठा अभ्यासविषय आहे. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरीकाठच्या सायखेडा परिसरात तो या दोन वह्यांच्या रूपाने समोर येतो, आणि वर्षाच्या ज्या महिन्यांत एक वही भरते त्याच महिन्यांत दुसरी रिकामी राहते, ही त्यातली मूळ अडचण आहे.

सायखेडा आणि नदीपलीकडचे चांदोरी ही गावे पुराच्या बातम्यांमुळे महाराष्ट्राला माहीत आहेत. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी या गावांत शिरले होते. एरवी हा भाग ओळखला जातो तो काळ्या जमिनीसाठी, कांद्याच्या उपबाजारासाठी आणि द्राक्षबागांसाठी. द्राक्ष हे पीक जितके पाण्याचे आणि औषधाचे, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, माणसांच्या हातांचे आहे. उन्हाळ्यात एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि पुढच्या वर्षाची काडी तयार केली जाते. पाऊस ओसरू लागला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते आणि तिथून फळाचा हंगाम सुरू होतो. छाटणीनंतर एक-दोन दिवसांत प्रत्येक काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावावी लागते, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. फूट निघाली की फेलफुटी काढायच्या, शेंडे खुडायचे, बगलफुटी काढायच्या. घड दिसू लागले की जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात ते बुडवायचे, ज्याला सगळा परिसर ‘डिपिंग’ म्हणतो. मग विरळणी, आणि निर्यातीचा माल असेल तर घडांना कागद लावणे.

या सगळ्यांत विरळणीचे काम सर्वांत किचकट आहे. मांडवाखाली किंवा वाय पद्धतीच्या तारांखाली उभे राहून, हात डोक्याच्या वर धरून, लहान कात्रीने एकेका घडातले दाटीचे मणी काढून टाकायचे असतात, म्हणजे उरलेल्या मण्यांना फुगायला जागा मिळते आणि युरोपच्या बाजाराला हवा तसा एकसारख्या आकाराचा मणी तयार होतो. मान वर आणि नजर घडावर ठेवून आठ तास हे काम करणाऱ्यांत बायकांची आणि तरुण मुलींची संख्या मोठी असते. प्रत्येक कामाला मोजके दिवस मिळतात. मणी ठरावीक जाडीचा असताना डिपिंग झाले नाही, तर ते पुढच्या आठवड्यात करून उपयोग नसतो. त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च या काळात बागायतदाराला मजूर उद्या मिळून चालत नाही, तो आज लागतो. आणि डावणी रोगाचा धोका, अवकाळी पाऊस, गारपीट व सोसायटीचे कर्ज एकाच वेळी डोक्यावर असलेल्या माणसाची ही घाई खोटी नसते. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड येते, तेव्हा बाग आणि कांदा या दोघांनाही एकाच वेळी तेच हात हवे असतात.

हे हात बहुतांशी येतात ते जिल्ह्याच्या पश्चिमेकडून. सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांत आदिवासींचे प्रमाण लोकसंख्येच्या 90 टक्क्यांहून अधिक आहे. तिथे पाऊस भरपूर पडतो, पण तो डोंगरउतारावरून वाहून जातो. भात, नागली, वरई ही पावसावरची पिके निघाली की उरलेल्या वर्षात शेतात करण्यासारखे थोडेच उरते. दिवाळीच्या आसपास भात झोडून झाला की कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबांच्या टोळ्या दिंडोरी, निफाडकडे उतरतात, मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बागेच्या कडेला संसार मांडतात आणि बहुधा उक्ते, म्हणजे एकरी दर ठरवून, काम घेतात. टोळीचा मुकादम पावसाळ्यातच गावी जाऊन उचल देऊन आलेला असतो. ही उचल म्हणजे हंगामाच्या मजुरीतून वळती करून घ्यायची आगाऊ रक्कम, जी भुकेच्या महिन्यांत घर तारते आणि म्हणूनच पुढच्या मजुरीचा दर ठरवताना मजुराची बाजू आधीच लंगडी करून ठेवते.

या पट्ट्यात दोन तक्रारी नित्य ऐकू येतात. बागायतदार म्हणतो, मजूर मिळत नाही. सुरगाण्याचा मजूर म्हणतो, काम मिळत नाही. दोन्ही विधाने खरी आहेत, कारण ती वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांविषयी आणि शंभर किलोमीटरच्या आतबाहेरच्या दोन वेगळ्या ठिकाणांविषयी केलेली आहेत. त्यांना एकत्र ठेवून पाहण्याचे काम अर्थशास्त्राने केले, आणि त्याची सुरुवात मराठी वाचकाला जवळची आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 साली ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’ या नियतकालिकात भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यांवरील उपाय या विषयावर निबंध लिहिला. शेतीचे तुकडे पडतात म्हणून शेतकरी गरीब राहतो, तेव्हा तुकडे एकत्र करा, असा त्या काळचा सर्वमान्य विचार होता. आंबेडकरांनी प्रश्न उलटा मांडला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे एकट्या आकारावरून ठरत नाही, त्याला जोडलेले श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणावरून ठरते. भारतात शेतीवर अवलंबून असलेल्या माणसांची संख्या शेतीच्या गरजेपेक्षा जास्त आहे, हे वाढीव श्रम उत्पादनात भर न घालता खातात मात्र, आणि तुकडे एकत्र केल्याने ते नाहीसे होणार नाहीत. त्यांना दुसरीकडे उत्पादक काम मिळणे, म्हणजेच देशाचे औद्योगिकीकरण होणे, हा शेतीवरचाही उपाय आहे. आर्थर लुईस यांनी अतिरिक्त श्रमशक्तीचा सिद्धान्त 1954 साली मांडला आणि विकासाचे अर्थशास्त्र त्या सिद्धान्तावर उभे राहिले. त्याच्या 36 वर्षे आधी एका सत्तावीस वर्षांच्या अभ्यासकाने त्याचा गाभा मुंबईत लिहून ठेवला होता, ही गोष्ट मराठी विद्यार्थ्याला अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षी सांगितली गेली पाहिजे.

हा निबंध छापला गेला त्याच 1918 साली इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई इलाख्यासह सगळ्या देशात प्रचंड मनुष्यहानी झाली. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, 1964 च्या आपल्या ग्रंथात, थिओडोर शुल्ट्झ यांनी त्या साथीचा एका कसोटीसारखा उपयोग केला. शेतीवरची काही माणसे खरोखरच निरुपयोगी असतील, तर इतकी माणसे गेल्यावरही पेरणीचे क्षेत्र घटायला नको होते. परंतु ते घटले, आणि जिथे मृत्यू अधिक तिथे अधिक घटले, असे त्यांनी दाखवले. अमर्त्य सेन यांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतले आणि वाद पुढे चालू राहिला. लुईस आणि शुल्ट्झ या परस्परविरोधी मतांच्या दोघांना मात्र 1979 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सायखेड्याच्या बागेत उभे राहिले की या वादाची एक बाजू लगेच उलगडते. विरळणीच्या आठवड्यात तिथे एकही माणूस जादा नसतो. मे महिन्यात, खरड छाटणीची गडबड सरल्यावर, पश्चिमेकडच्या पाड्यांवर जवळजवळ सगळेच जादा असतात. श्रमशक्ती वर्षभर अतिरिक्त असते की नसते, हा प्रश्नच अशा प्रदेशात अपुरा ठरतो, कारण ती महिन्यागणिक बदलते.

येथेच दारिद्र्याच्या मोजमापाची एक नेहमीची चूक लक्षात येते. हंगामात दिवसाची हजेरी चढली की मजुरांचे बरे चालले आहे असा निष्कर्ष काढला जातो. उदाहरणादाखल, दिवसाला 400 रुपये मिळवणाऱ्या माणसाला वर्षात 120 दिवस काम मिळाले तर त्याची कमाई 48,000 रुपये होते. दिवसाला 300 रुपये मिळवणाऱ्याला 240 दिवस मिळाले तर ती 72,000 रुपये होते. पहिल्याची हजेरी मोठी असूनही वर्ष त्याचेच कठीण जाते, आणि त्या वर्षातल्या रिकाम्या महिन्यांत तो जी उचल घेतो तिच्यामुळे पुढच्या हंगामातली 400 रुपयांची हजेरीही पूर्णपणे त्याची राहत नाही. मजुराची गरिबी समजून घेताना दरापेक्षा दिवस आधी मोजावेत, हे महाराष्ट्रातल्या अर्थतज्ज्ञांनी फार लवकर ओळखले होते.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास 1971 च्या जानेवारीत ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. रोज 2250 कॅलरी मिळतील एवढा खर्च ही त्यांनी किमान पातळी धरली. 1960-61 च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात दरमहा माणशी 15 रुपये आणि शहरात 22.50 रुपये येत होती, आणि ग्रामीण लोकसंख्येतील सुमारे 40 टक्के व शहरी लोकसंख्येतील सुमारे 50 टक्के लोक तिच्याखाली होते. जमीन पुरेशी नाही, तेव्हा केवळ तिच्या वाटपाने हे लोक वर येणार नाहीत. त्यांच्यापाशी जे आहे, म्हणजे श्रम, त्यालाच सार्वजनिक कामांतून मागणी निर्माण केली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

हाच विचार दुसऱ्या वाटेने, प्रत्यक्ष कामातून, वि. स. पागे यांच्यापर्यंत आला होता. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूर येथे मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला, 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर आली, 1977 साली तिचा कायदा मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम, न दिल्यास भत्ता, आणि स्त्रीपुरुषांना सारखा दर ही त्याची वैशिष्ट्ये होती. पैशाची सोय म्हणून 1975 साली व्यवसाय कर बसवण्यात आला; आज महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा 200 रुपयांची जी कपात दिसते, तिचे मूळ शहराने गावाच्या रिकाम्या महिन्यांसाठी द्यायच्या या वाट्यात आहे, आणि ती कपात कशासाठी सुरू झाली हे बहुतेक पगारदारांना कोणी सांगितलेले नसते. कुमुदिनी दांडेकर यांनी 1983 सालच्या आपल्या पुस्तकात या योजनेकडे स्त्रियांच्या रोजगाराची संधी म्हणून पाहिले. घराजवळ आणि मुकादमाशिवाय मिळणाऱ्या कामाला बायका किती मोठ्या संख्येने येतात, याची ती महत्त्वाची नोंद होती.

या हमीचे पुढे काय झाले, हेही संशोधनातूनच कळते. उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर 1988 साली योजनेचा दर किमान वेतनाच्या बरोबरीला आणावा लागला आणि तो जवळपास दुप्पट झाला. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी नंतरच्या काळाचा अभ्यास करून असे दाखवले, की दर वाढल्यावर मागणी वाढायला हवी होती, पण कामे त्या प्रमाणात उघडली गेली नाहीत. हमी कायद्यात राहिली आणि कामाचे रेशनिंग सुरू झाले. दर वाढवणे चूक होते असा याचा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. दर वाढवून दिवस कमी करणे हा प्रशासनाने निवडलेला मार्ग होता, आणि त्याची किंमत मजुराने पुन्हा एकदा रिकाम्या महिन्यांत मोजली. राष्ट्रीय रोजगार हमी कायदा 2005 साली आल्यानंतर क्लेमाँ इम्बर आणि जॉन पॅप यांनी केलेले अभ्यास या पट्ट्याला विशेष लागू पडतात. हमीची कामे जिथे लवकर पोहोचली तिथे कोरड्या हंगामातली खासगी मजुरी सुमारे पावणेपाच टक्क्यांनी वाढली, असे त्यांना आढळले. आणि राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात यांच्या सीमेवरील आदिवासी गावांत लोक बाहेर अधिक पैसे मिळत असूनही गावातले कमी मजुरीचे काम पत्करताना दिसले. बाहेरच्या शहरात कमावलेला जादा रुपया उघड्यावरच्या राहण्याची, तुटलेल्या घराची आणि मुलांच्या आबाळीची भरपाई करीत नाही, हे त्या माणसांनी आपल्या निवडीतून सांगितले होते. पेठ-सुरगाण्याच्या माणसाला विचारले तर तो यापेक्षा वेगळे सांगेल असे मानायला आधार नाही.

आता दुसरी हजेरी. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, पहिले सत्र दिवाळीपर्यंत चालते आणि दुसरे सत्र दिवाळीनंतर सुरू होऊन एप्रिलमधल्या परीक्षेला संपते. गोडी छाटणी ते खुडा, म्हणजे द्राक्षतोडणी, हा बागेचा काळ जवळजवळ अख्खे दुसरे सत्र व्यापतो. आईवडिलांबरोबर मळ्यात आलेले मूल पहिल्या सत्रात जोडाक्षरांपर्यंत किंवा हातच्याच्या वजाबाकीपर्यंत आलेले असते, आणि पुढचे चार-पाच महिने ते धाकट्या भावंडाला सांभाळते, सरपण गोळा करते, पाणी आणते, आणि बारा-तेरा वर्षांचे झाले की घडाला कागद लावायला हाताखाली उभे राहते. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, त्यामुळे अशा मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर सुरक्षित आहे; जूनमध्ये ते पुढच्या इयत्तेत बसते, आणि मागच्या अर्ध्या वर्षाचा अभ्यास कोणत्याच वर्गात होत नाही.

मुलाने शाळा सोडण्याचे कारण गरिबी आहे, असे सरसकट म्हटले जाते. मनीषा शाह आणि ब्राइस स्टाइनबर्ग यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या समजुतीत एक महत्त्वाची दुरुस्ती केली. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीतील मुलांचे वाचन व गणित आणि त्या-त्या जिल्ह्यातील पाऊस यांची सांगड घालून त्यांनी दाखवले, की शाळकरी वयात चांगल्या पावसाच्या वर्षी मुलांची प्रगती घसरते. अगदी लहान वयात चांगले वर्ष मुलाला लाभते, कारण घरात अन्न असते. शाळेच्या वयात मात्र चांगले वर्ष म्हणजे भरपूर काम, आणि भरपूर काम म्हणजे मुलाच्या वेळेलाही किंमत. अर्थशास्त्रात याला संधीची किंमत म्हणतात: एक गोष्ट करताना जी दुसरी सोडावी लागते तिचे मोल. बागेत हजेरी चढते तेव्हा शाळेत बसण्याची किंमत चढते. या दोघांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात रोजगार हमीमुळेही तेरा ते सतरा वयाच्या मुलांचे शाळेत जाणे काहीसे कमी झाल्याचे आढळले; आई कामावर गेली की घर मोठ्या मुलीवर येते, हे कोणत्याही पाड्यावर दिसणारे वास्तव त्या आकड्यांमागे असावे. मजुराला काम मिळवून देणे आणि त्याच्या मुलाला शिक्षण देणे ही कामे आपोआप एकमेकांना पूरक ठरत नाहीत. त्यांची मुद्दाम जुळणी करावी लागते, आणि ती जुळणी करण्याचे काम शेती, आदिवासी विकास, शिक्षण आणि रोजगार हमी या चार वेगवेगळ्या खात्यांमध्ये हरवून जाते.

टोळीविषयीही एक शब्द आवश्यक आहे. टोळी म्हणजे नातेवाइकांचे, एका पाड्याचे जाळे. त्याच्यामुळे परक्या गावात काम मिळते, आजारपणात कोणी पाहते, पैसे बुडाले तर बोलायला कोणी असते. अशा जाळ्यांची दुसरी बाजू कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी मुंबईत दादरच्या शाळांमधील मराठी मुलांचा अभ्यास करून 2006 साली मांडली. इंग्रजी शिक्षणामुळे मिळणारी जादा कमाई 1980 च्या दशकातून 1990 च्या दशकात जाताना पुरुषांसाठी 15 टक्क्यांवरून 24 टक्क्यांवर आणि स्त्रियांसाठी जवळपास शून्यावरून 27 टक्क्यांवर गेली होती. तरीही ज्या जातींच्या पुरुषांचे गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांचे जुने जाळे होते, त्या जातींतले मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले, आणि ज्यांच्यासाठी असे कोणतेही जाळे कधी नव्हते त्या मुली झपाट्याने इंग्रजी शाळांकडे वळल्या. काम मिळवून देणारी ओळख मुलग्यांना वडिलांच्याच कामापाशी थांबवत होती. बागेतल्या टोळीत मात्र मुलीही बरोबरीने आहेत, त्यामुळे दादरच्या मुलींना मिळालेली ती मोकळीकही सुरगाण्याच्या मुलीला मिळत नाही.

मुलाला गावीच ठेवण्याची व्यवस्था नाशिकला नवी नाही. डांग सेवा मंडळाने 1937 पासून या डोंगरी भागात आश्रमशाळांचे काम केले आहे, राज्याच्या आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्यालयही नाशिकमध्येच आहे, आणि स्थलांतराच्या महिन्यांपुरती हंगामी वसतिगृहे व मुलाबरोबर जाणारे शिक्षण हमी कार्ड या योजनाही राज्यात आहेत. कार्ड दाखवले की मळ्याजवळच्या शाळेने मुलाला सामावून घ्यावे, अशी त्यामागची कल्पना आहे. परंतु शेड ज्या बागेत आहे तिथून शाळा दोन-तीन किलोमीटर दूर असते, टोळी पंधरवड्याने दुसऱ्या बागेत जाते, आणि मुलाच्या तोंडी कोकणा वळणाची बोली असते. हंगामी वसतिगृह उघडायला डिसेंबर उजाडला, तर मूल तोवर मळ्यात पोहोचलेले असते. वसतिगृहाची तारीख अनुदान येण्यावर न ठरता भात झोडण्यावर ठरली पाहिजे. या एका बदलाला नवा कायदाही लागत नाही.

राहिला प्रश्न परत आलेल्या मुलाचा. ‘प्रथम’च्या बालसखी उपक्रमाचा मुंबई आणि बडोद्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, शॉन कोल व ली लिंडन यांनी अभ्यास केला. मागे पडलेल्या मुलांना वर्गातून रोज दोन तास वेगळे घेऊन, त्यांना जे येते तिथून पुढे शिकवणारी वस्तीतलीच एक तरुणी, एवढीच त्याची मांडणी होती. शिक्षकाच्या पगाराच्या तुलनेत अगदी थोड्या मानधनावर मुलांची प्रगती दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाच्या दुप्पट दिसली. पाड्यावर दहावी-बारावी झालेल्या मुली आज आहेत. एप्रिल ते जून या महिन्यांत त्या घरीच असतात, आणि मळ्यातून परतलेली मुलेही.

फाल्गुनात, शिमग्याच्या सुमारास, टोळ्या परतू लागतात. मुकादमाची वही उघडते; एकरी दराने झालेली रक्कम एका बाजूला, उचल, किराणा आणि दवाखान्याचे पैसे दुसऱ्या बाजूला मांडले जातात आणि उरलेले हातावर ठेवले जातात. काही घरांचे काहीच उरत नाही, आणि ती पुढच्या पावसाळ्याची उचल त्याच वेळी बोलून ठेवतात. गावच्या शाळेत त्या आठवड्यात परीक्षेचे वेळापत्रक फळ्यावर लागलेले असते, आणि पटावरच्या ज्या नावांपुढे दिवाळीपासून रोज गैरहजेरीची खूण पडली होती, त्या नावांची मुले उन्हाने रापलेल्या तोंडांनी वर्गाच्या मागच्या ओळीत येऊन बसतात.